बिनखिडकीची भिंत

पिंपातला चुना सकाळपासून रटरटत होता. कळीचा एकेक खडा पाण्यात पडला की आधी गप्प बसायचा, मग फुगायचा, फुटायचा आणि फस्सकन वाफ सोडायचा. थोरला नाकाला फडकं बांधून, तोंड एका बाजूला करून लांब काठीनं ढवळत उभा होता. एक पाय जपून टेकलेला, कारण डावा गुडघा गेली सोळा वर्षं त्याचं ऐकत नव्हता.

ढवळता ढवळता तो सवयीनं म्हणाला, "शिडी घट्ट धर हं. मागच्या वेळेसारखी गप्पा मारत बसू नकोस."

म्हणाला आणि काठी थांबली. शिडी धरणारी तीन वर्षांपूर्वी गेली होती. एकटा माणूस घरात मोठ्यानं बोलायला लागला की पहिल्यांदा त्याची त्यालाच लाज वाटते, मग सवय होते, आणि मग तो दोन्ही बाजूंचं आपणच बोलायला लागतो. थोरला सध्या मधल्या टप्प्यावर होता. नाव त्याला होतं, पण ते रेशनकार्डावर. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही गावाला तो थोरलाच, आणि खाली किनाऱ्यालगत राहणारा त्याचा सदुसष्ट वर्षांचा भाऊ धाकटा.

आता भिंतीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. थोरल्याचं घर गावाच्या टोकाला, टेकाडावर. खालून बासष्ट पायऱ्या. घराची एक भिंत थेट समुद्राकडे तोंड करून उभी, दोन पुरुष उंच, आणि ती दरवर्षी पावसाळा सरला की चुन्यानं पांढरीफेक करायची. हौस म्हणून नाही. गावाच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग आहे, आणि तिच्यातून आत यायला एकच वाट. होडीवाल्यानं काय करायचं, तर पाण्यातून वर आलेला काळा सुळका बघायचा आणि त्याच्या मागे टेकाडावरची पांढरी भिंत बघायची. सुळक्याच्या डोक्यावर बरोब्बर भिंत बसली की सुकाणू सरळ धरून आत शिरायचं. भिंत डावीकडे सरकली तर वाळूत रुतला. उजवीकडे सरकली तर संपला, खाली खडक.

थोरल्याच्या खापरपणजोबाच्या काळात एक होडी अशीच उजवीकडे गेली. सात माणसं बुडाली. त्यातला एक खापरपणजोबाचा सख्खा भाऊ होता. तेराव्या दिवसाच्या आत त्यानं घराची ती भिंत पांढरी केली. तिच्यात एक खिडकी होती, ती दगडांनी बुजवून टाकली, कारण लांबून खिडकी काळी दिसते आणि भिंत तुटल्यासारखी वाटते. तेव्हापासून त्या घरात समुद्र ऐकू येतो, दिसत नाही.

थोरल्याची बायको लग्न होऊन आली ती याच घरात. स्वयंपाकघर नेमकं त्या भिंतीला लागून. भरदुपारी दिवा लावून चूल पेटवायची. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "अहो, एवढीशी खिडकी ठेवा ना. टिचभर. समुद्राकाठी दिली म्हणून माहेरी सगळ्या हेवा करतात, आणि मी इथं डबीतल्या काडीसारखी."

"खिडकी ठेवली तर होड्या फुटतील."

"टिचभर खिडकीनं?"

"टिचभरच चुकतं माणूस."

पुढं पंचेचाळीस वर्षं ती अधूनमधून खिडकी मागत राहिली आणि दरवर्षी शिडी धरत राहिली. धुरानं डोळे गेले तिचे शेवटी. शेवटची दोन वर्षं तर तिला खिडकी असती तरी काही दिसलं नसतं. मग तिनं मागणंही सोडलं.

चुना थंड व्हायला झाकून ठेवला, तेवढ्यात पायऱ्यांवर माणसांचा आवाज आला. थोरल्यानं घाईनं नाकाचं फडकं सोडलं. त्याच्याकडे कोणी येत नसे. मुलगा लांब शहरात. रविवारी त्याचा फोन यायचा, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बरं ठेवतो. बस, झाला रविवार.

पुढं बर्फवाला होता. गावात बर्फाचा कारखाना याचाच, म्हणून बर्फवाला. माणूस बारा महिने घामाघूम. त्याच्या मागे खांद्याला पिशवी लावलेली एक तिशीची बाई.

"थोरले, या सरकारी वारसा कार्यालयातल्या बाई," बर्फवाला धापा टाकत म्हणाला. "आपल्या गावाचा इतिहास लिहिणार आहेत. समिती नेमली आहे. मी अध्यक्ष."

"तू कधीपासून इतिहासातला?"

"वरूनच नेमलं हो. मी काय नाही म्हणू?"

बाई मात्र बर्फवाल्याकडे लक्ष न देता भिंतीजवळ गेल्या होत्या. एका कोपऱ्यात चुना सुटला होता, तिथं त्यांनी नखानं खरवडलं आणि आतल्या दगडाला हात लावला. "काका, हा घडीव दगड आहे. सांधे बघा किती बारीक. दीडशे-दोनशे वर्षांचं काम. आणि तुम्ही त्याच्यावर चुना फासता?"

"दरवर्षी."

"या वर्षी नका फासू. हे सगळं काढून मूळ दगड मोकळा करू. बाहेर फलक लावू. लांबून माणसं बघायला येतील."

"भिंत पांढरी नसली तर होड्यांनी कुठं बघायचं?"

यावर बर्फवाला हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "अहो थोरले, कोणत्या जमान्यात आहात? प्रत्येक होडीवर यंत्र आहे. काचेवर रेघ दिसते, त्या रेघेवरनं यायचं. भिंतीकडे आता कोण बघतंय?"

थोरला सोळा वर्षं समुद्रावर गेला नव्हता. तो काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न त्याला स्वतःलाही चारपाच वर्षं कुरतडत होता. तरी तो म्हणाला, "भिंतीला हात लावू देणार नाही." बर्फवाल्यानं खांदे उडवले. बाई म्हणाल्या, "बरं, राहू द्या. पण मी उद्या येऊ का? तुमच्याकडून जुनं ऐकायचं आहे."

आणि बाई खरंच आल्या. परवाही आल्या. ओट्यावर मांडी घालून बसायच्या, वही उघडायच्या आणि विचारायच्या. होडीला शीड कसलं असायचं, वारा फिरला हे आधी कशावरून कळायचं, सात जणांत कोण कोण होते. थोरला सांगायचा आणि बाई लिहून घ्यायच्या. आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय, ही गंमत त्याला या वयात कळली. तिसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली. चौथ्या दिवशी कपाटातला कानाचा कप काढून घासून ठेवला. बाई बासष्ट पायऱ्या चढताना मध्ये एकदा थांबायच्या, तेवढ्या वेळात यानं चहाचं आधण टाकायचं, असं गणित बसून गेलं.

एकदा बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या वडिलांची होडी कुठं आहे? लाकडी होती ना?"

"धाकट्यानं फोडली. मला न विचारता. प्लॅस्टिकची नवी आणायची म्हणून बापाची होडी फोडली आणि लाकूड चुलीत घातलं."

"मग?"

"मग काय. धक्क्यावर चारचौघांत म्हणालो, बापाला दुसऱ्यांदा जाळलंस. तेव्हापासून अकरा वर्षं तो या पायऱ्या चढला नाही. माझी बायको गेली तेव्हा खालच्या वळणापर्यंत आला, तिथूनच परत गेला."

हे मात्र बाईंनी लिहून घेतलं नाही. वही त्यांनी मिटून ठेवली. थोरल्याला तेच फार वाटलं.

दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, माझं इथलं काम संपत आलं. भिंतीचं नाही म्हणालात, तर परवापासून दुसऱ्या गावात जावं लागेल. भिंतीचं काम निघालं असतं तर महिनाभर राहिले असते मी इथं."

दबाव म्हणून नव्हत्या म्हणाल्या. जे होतं ते सांगितलं. थोरल्यानं कपात उरलेला चहा जमिनीवर ओतला, कप पुसला, पुन्हा पुसला.

"महिनाभर?"

"निदान."

"मग काढा चुना," थोरला म्हणाला.

चार पिढ्यांनी जपलेली भिंत त्यानं महिन्याभराच्या बोलण्यासाठी देऊन टाकली. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला इतिहास पटला.

गवंड्यानं परांची बांधली, छिन्नी-हातोडी घेऊन सुरुवात केली. चुना पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होता. बाई एकेक पापुद्रा हातात घेऊन थर मोजायच्या. एक थर निळसर निघाला.

"हे काय, काका?"

"बायकोनं नीळ जास्त घातली होती त्या वर्षी. धाकटा म्हणाला होता, वहिनी, भिंत की आभाळ? दिसत नाही समुद्रावरून. वरून पुन्हा पांढरी करावी लागली सगळी." हसत हसत सांगायला लागलेला थोरला शेवटी शेवटी हळू बोलायला लागला. तो निळसर पापुद्रा त्यानं खिशात टाकला.

महिन्यानं भिंत मोकळी झाली. दिसायला सुंदर होती, नाही कशाला म्हणा. करडे दगड एकमेकांना घट्ट धरून बसलेले, आणि मधोमध चौकोनी बुजवलेली खिडकी, वेगळ्या रंगाच्या दगडांची. खापरपणजोबाच्या हातची. थोरल्यानं ती पहिल्यांदाच बघितली.

उद्घाटनाला साहेब लोक आले. बर्फवाल्यानं रस्त्यावरून दिसणारा आपला कारखाना त्या निमित्तानं पांढराशुभ्र रंगवून घेतला होता. फीत कापली, फलक लागला: 'मूळ दगडी स्वरूपात जतन केलेली भिंत.' थोरल्याला खुर्ची दिली, हार घातला, फोटो काढला. बाई जाताना म्हणाल्या, "फोन करेन हं, काका." एकदा केलाही.

मग कोणीच आलं नाही. पहिल्या रविवारी शहरातली दोन जोडपी पायऱ्या चढून आली, भिंतीला टेकून फोटो काढले आणि विचारलं, इथं प्यायला थंड काही मिळतं का. त्यांच्यानंतर तेवढंही नाही.

थोरला संध्याकाळी खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसू लागला. होड्या जात होत्या, येत होत्या. आठ दिवस झाले, पंधरा झाले. कोणी विचारलं नाही की भिंत कुठं गेली. म्हणजे बर्फवाला खरं बोलत होता. कोणी बघत नव्हतं. किती वर्षं बघत नव्हतं? दहा? पंधरा? यंत्रं येऊन पंधरा वर्षं तर नक्की झाली होती. त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या बुजवलेल्या चौकोनावर जायची. चार दगड काढायला अर्धा दिवस लागला असता. पंधरा वर्षांपूर्वी काढले असते तर तिला निदान दहा-बारा वर्षं समुद्र दिसला असता. भाजी चिरता चिरता बघितला असता तिनं.

"चुकलंच माझं," तो मोठ्यानं म्हणाला. या वेळी पलीकडच्या बाजूचं उत्तर त्याला सुचलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. पिंपावरचं झाकण उघडून भिजवलेला चुना ओतून द्यावा म्हणून गेला, पण पिंप जागचं हलेना. मग नुसतं वरून आणखी पाणी घालून आला, हाताला सवय म्हणून.

एकविसाव्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली. दाणदाण, न थांबता. थोरला दारात आला तर समोर धाकटा. गुडघ्यापर्यंत ओला, कपाळावर खोक, आणि हातात सुकाणूचा तुटलेला दांडा. अकरा वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते त्याचे. धाकट्यानं दांडा ओट्यावर आपटला.

"ही तुझी कर्तबगारी."

"काय झालं?"

"काय झालं म्हणे. खडकावर घातली मी होडी. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिघं होतो. सुकाणू गेलं, बूड खरवडलं, भरतीचं पाणी होतं म्हणून वर आलो, नाहीतर तुझ्या त्या फलकावर आमची नावं लिहायला लागली असती."

"यंत्र नव्हतं?"

"यंत्र आहे. चालू होतं."

"मग?"

धाकटा खाली बसला. दम लागला होता. "यंत्र बघतो मी बाहेर, मोकळ्या पाण्यात. तोंडाशी आलो की डोळा आपोआप वर जातो. सुळका बघितला, त्याच्या डोक्यावर पांढरी भिंत बसली, घातली आत. भिंत कसली, तो बर्फवाल्याचा कारखाना. तुझ्या घराच्या डावीकडे शंभर पावलं."

"भिंत खरवडली, हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. वीस दिवस ध्यान ठेवून आलो. आज सकाळी झोप झाली नव्हती. मला माहीत होतं, डोळ्याला कुठं माहीत होतं?"

थोरला दाराची चौकट धरून उभा होता. "म्हणजे तू बघत होतास?"

"काय?"

"भिंत. बघत होतास? एवढी वर्षं?"

"रोज. न बघून जातो कुठं? सगळेच बघतात. पोरंसुद्धा, यंत्र हातात धरून वर बघतात. बोलून कोण दाखवतंय."

"माझं तोंड बघायचं नाही म्हणाला होतास."

"तोंड कोण बघतंय तुझं? भिंत बघत होतो." धाकट्यानं कपाळावरची खोक चाचपली. "आणि तू कुणाला विचारून खरवडलीस ती? मी होडी फोडली तेव्हा चारचौघांत काय बोलला होतास? आता मी बोलू?"

"बोल," थोरला म्हणाला. "तुझा हक्कच आहे. एकटं वाटत होतं, म्हणून दिली. ती पोरगी बोलायला यायची रे."

धाकट्यानं तुटका दांडा ओट्याच्या कडेला सरकवला. थोरला आत गेला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात समुद्राकडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि रडला. वाईट वाटून नाही. पंचेचाळीस वर्षं दिवा लावून रांधलं ते फुकट गेलं नव्हतं, एवढं तिला सांगायचं होतं. त्यानं ते मोठ्यानं सांगितलं. बाहेर धाकट्यानं ऐकलंही असेल. मग थोरल्यानं चहाचं आधण टाकलं, दोन कपांचं.

चहा पिताना धाकट्यानं विचारलं, "चुना आहे?"

"पिंपात आहे. पाण्याखाली. पाण्याखाली असला की चुना खराब होत नाही, उलट मुरतो."

"शिडी?"

"आहे. पण समितीनं खाली गुळगुळीत फरशी बसवली आहे. पाय सरकतात शिडीचे."

धाकटा खाली गेला आणि तासाभरानं खांद्यावर एक जाड फळी घेऊन परत आला. ती फरशीवर टाकून त्यानं शिडीचे पाय तिच्यावर रोवले. फळीला एका अंगानं बाक होता आणि खिळ्यांची भोकं ओळीनं. थोरल्यानं ती पायानं चाचपली. बापाच्या होडीची होती. त्यानं धाकट्याकडे बघितलं, तर तो शिडीच्या दोऱ्या आवळण्यात गुंतलेला.

पहिला कुंचा मारला तसा बर्फवाला धावत पळत आला. "अहो थोरले, हे काय? वारसा आहे तो. मूळ स्वरूप. फलक लागलाय."

"फलकाला चुना लागणार नाही, जपून मारतोय," थोरला वरून म्हणाला.

"समितीचा ठराव आहे."

शिडी न सोडता धाकट्यानं मान वळवली. "मग ठरावात एक ओळ वाढव. तुझा कारखाना उद्याच्या उद्या काळा कर. नाहीतर मी करतो, डांबर आहे माझ्याकडे."

बर्फवाल्यानं धाकट्याच्या कपाळावरची खोक बघितली, ओट्यावरचा तुटका दांडा बघितला, आणि घाम पुसत पायऱ्या उतरला. चार दिवसांनी कारखाना हिरवा झाला. तेवढ्यावर भागलं.

दुपार कलेपर्यंत भिंत ओल्या चुन्यानं राखाडी दिसत होती. चुना वाळल्यावरच पांढरा होतो. बुजवलेली खिडकी पहिल्या हातातच दिसेनाशी झाली होती. तिथं थोरल्यानं कुंचा जरा हळू फिरवला आणि दगडांच्या सांध्यात, कोणाला दिसणार नाही असा, खिशातला निळसर पापुद्रा दाबून वर चुना ओढला. मग उतरला.

दोघं भाऊ मागे सरकून भिंतीकडे बघत उभे राहिले. जन्मभर या भिंतीला चुन्याचे दोन हात पुरले होते. बापाच्या वेळीही दोन, आजाच्या वेळीही दोन. एका दिवसात काम संपायचं.

थोरला घसा खाकरून म्हणाला, "तीन हात लागतील बहुतेक. एक पुरता वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. म्हणजे रोज एक."

धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. भिंतीजवळ जाऊन बोट लावलं, बोटावरचा चुना अंगठ्यानं चोळला, पुन्हा लावलं. होडी तशीही दुरुस्तीला आठ दिवस काठावरच पडून राहणार होती.

"दगड फार पितोय, दादा," तो म्हणाला. "पाच धर."